ट्रकपुढे रुसलेली विहीण

माझ्या विहिणीइतकं मन लावून रुसणारं माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडायचं नाही. लेक मी गावातच दिली. तिच्या लग्नात ही वरमाय पंगतीतून उठली आणि शेळ्यांच्या गोठ्यात जाऊन बसली. कारण एवढंच, की तूप तिला दुसऱ्यांच्या मागून वाढलं. माझे मालक हात जोडून गेले तेव्हा कुठे उठली. चहासुद्धा ती पहिल्यांदा नको म्हणते, दुसऱ्यांदाही नको म्हणते, आणि तिसऱ्यांदा कपाकडे न बघता घेते. मला असल्या नाटकाचा कंटाळा. मी एकदाच विचारते. म्हणून माझ्या घरी तिला इतक्या वर्षांत चहा मिळालेला नाही.

आमची नात शाळेच्या संघातून खो-खो खेळायला लागली, तसा हा रुसवा मैदानावर आला. विहिणीला खेळातलं एकच कळायचं, आपली पोर बाद झाली म्हणजे अन्याय झाला. मग ती पंचाकडे पाठ करून बसायची. वडवणीला तालुक्याचा अख्खा सामना तिने पाठमोरीच काढला आणि पोरी जिंकल्या हे तिला टाळ्यांवरून समजलं. शेवटी पंचच पाण्याचा तांब्या घेऊन आला.

"आजी, माझं काय चुकलं?"

"ते तुमचं तुमी बघा," म्हणाली, आणि पाणी पिऊन टाकलं.

दिवाळी झाली. आमच्याकडची निम्मी घरं ऊसतोडीला जातात आणि आईबापांबरोबर पोरीही जातात. संघात जेमतेम नऊ पोरी, त्यातल्या चौघी निघालेल्या, आणि बीडचा जिल्ह्याचा सामना आठवड्यावर. नऊ नसतील तर खेळायचंच नाही. मास्तर मुकादमाला विनवून रिकाम्या हाताने परत आले. सकाळी भांडी, कोंबड्या, माणसं चढवून ट्रक सुरू झाला, तर पुढच्या चाकासमोर घोंगडी अंथरून माझी विहीण बसलेली. ट्रककडे पाठ.

"मावशे, ऊठ. उशीर व्हायलाय," मुकादम म्हणाला.

चहा आणला, नको. पुन्हा आणला, नको. शेवटी त्याने हात जोडले. "बरं, लुगडं घेतो तुला."

"लुगडी लई हायेत. त्या चौघींला खाली उतरव."

"खायला कोण घालील त्यांला?"

"मी मेले न्हाई अजून."

मुकादम हसायला लागला. तेवढ्यात वरून एका आईने आपल्या पोरीचं गाठोडं खाली टाकलं. मागोमाग तिघींची पडली. मी उभं आयुष्य जिला नखरेल म्हणत आले, तिने नुसतं बसून भरलेला ट्रक थांबवला होता. मी तिथे तोंड वासून उभी होते, खरं तेच सांगते.

चौघी आठवडाभर विहिणीकडेच राहिल्या. बीडला पोरी हरल्या. थोडक्यात, पण हरल्या. विहीण त्या दिवशी शेवटपर्यंत मैदानाकडे तोंड करून बसली होती. दुसऱ्या दिवशी तिने चौघींना भाकरी बांधून दिली आणि मास्तरांबरोबर उसाच्या फडावर त्यांच्या आयांकडे पाठवलं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेले. लेक अजून शेतात होती. चूल थंड होती आणि कोपऱ्यात पोरींच्या गोधड्या घडी करून ठेवलेल्या. मीच चहा केला.

"इहीणबाई, चहा घ्या," मी म्हटलं. एकदाच.

तिने लगेच हात पुढे केला. मला ते काही बरं वाटलं नाही.

"अवं, एकदा तरी नको म्हणा की."

ती कपाकडे बघत राहिली.