आखूडचा खेळ

आमच्या घरातल्या शेंडेफळाला सगळे आखूड म्हणतात. हे नाव मीच ठेवलं. शाळेच्या फोटोत तो कायम पहिल्या रांगेच्या टोकाला, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला असायचा. ताडमाड माणसांच्या बास्केटबॉलमध्ये आखूड नावाचा माणूस पगारी खेळाडू होता, हे ऐकून लोकांना हसू येतं. त्यांनी खुशाल हसावं. मी औषधांच्या दुकानात काउंटरवर असते, आणि ऐकणारा भेटला की ही हकीकत सांगून झाल्याशिवाय त्याच्या हातात खोकल्याचं औषध देत नाही.

बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. आखूडनं त्यांच्याच हाताखाली काम शिकावं असं घरात जणू ठरलेलंच होतं, आणि तो शिकलाही. पण सुटी मिळाली की हा बॉल घेऊन पसार. क्लबाच्या निवड चाचणीला गेला तेव्हा आम्हाला वाटलं, संध्याकाळपर्यंत तोंड पाडून परत येईल. तिथं सगळी पोरं याच्यापेक्षा हातभर उंच. दमून बसलेल्या पोरांना हसवायला यानं क्लबाच्या कप्तानाची नक्कल केली. तो बॉल कसा आपटतो, पास देण्याआधी खांदा कसा उडवतो, सगळं हुबेहूब. पोरं हसून लोळली. मागं उभे असलेले कोच मात्र हसले नाहीत. त्यांनी याला बाजूला बोलावलं आणि राखीव गार्ड म्हणून घेतलं.

गार्ड म्हणजे बॉल पुढं आणून चाल ठरवणारा. पहिला गार्ड स्वतः कप्तान, दुसरा आणखी एक, आणि हे दोघं पडले तर तिसरा हा राखीव. सामन्यात याचं काम टॉवेल आणि पाण्याच्या बाटल्या पुढं करायचं. खरं काम सरावात. पुढचा सामना ज्या संघाशी, त्याच्या गार्डचे जुने सामने हा डोळ्यांत तेल घालून बघायचा आणि सरावात तो गार्ड व्हायचा. त्याच्यासारखं धावायचं, त्याच्यासारखं फसवायचं, त्याच्या संघाच्या चाली खेळायच्या, म्हणजे आपल्या लोकांना त्याला अडवायची सवय होते. पुढच्या आठवड्यात दुसरा संघ, दुसरा गार्ड.

थोडक्यात, आमच्या घरी दर आठवड्याला नवा माणूस राहायला यायचा. एक आठवडा हा लंगडत चालला, कारण तो गार्ड उजवा पाय ओढायचा. एक आठवडा कोणाशी बोललाच नाही, कारण तो घुम्या होता. मी म्हटलं, बाबा रे, एखादा भांडी घासणारा गार्ड नाही का कुठल्या संघात?

बाबांना हे पटत नव्हतं. ते सामन्याला कधी आले नाहीत. बाकावर बसलेला मुलगा बघायला तिकीट कशाला काढायचं, असं त्यांचं म्हणणं. पहिला हंगाम संपला तेव्हा जेवताना ते म्हणाले, "कप्तानाचा खेळ करतोस, त्या अमक्याचा करतोस, तमक्याचा करतोस. तुझा खेळ कुठला?"

मला राग आला आणि मी बाबांना सुनावलंही. आखूड नंतर जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "ताई, बाबा खोटं नाही बोलले. हल्ली बॉल हातात आला की मला आधी आठवावं लागतं, आज मी कोण आहे ते. मी खेळाडू आहे का नुसता नकल्या, हेच मला कळत नाही."

मी फटकळ आहे, पण तेव्हा त्याच्या पाठीवर नुसती थाप मारली आणि वर गेले.

दुसऱ्या हंगामात क्लबाचा दुसरा गार्ड जास्त पगारावर दुसरीकडं गेला आणि आखूड एक पायरी वर सरकला. कप्तान दमला की अधूनमधून थोडा वेळ खेळायला मिळू लागलं. खेळायचा चोख, पण जपून. कोणाच्या लक्षात राहू नये असा. मग उपांत्य सामना आला. समोरच्या संघाचा गार्ड डावखुरा होता आणि त्याला रोखणं भल्याभल्यांना जमलेलं नव्हतं. तो आठवडाभर आखूड घरात डावखुरा होता. डाव्या हातानं जेवला, डाव्या हातानं दात घासले, डाव्या हातानं चहा सांडला. बाबांना मी अक्षरशः ओढत सामन्याला नेलं. नाही आलात तर महिनाभर बोलणार नाही म्हटलं. ते म्हणाले, तेवढीच शांतता, पण आले.

दुसऱ्या डावात कप्तानाला दम खायला बाहेर बसवलं आणि आखूड आत गेला. बॉल घेऊन पुढं आला, हात वर करून चालीची खूण केली आणि सवयीनं पास दिला. तिथं आपलं कोणीच नव्हतं. यानं समोरच्या संघाची चाल खेळली होती. आठवडाभर तीच घोटली होती ना. त्यांची चाल ती, तेव्हा पास कुठं जाणार हे त्यांना झोपेतही ठाऊक. डावखुऱ्यानं बॉल अलगद झेलला आणि जाऊन बास्केट केली. त्याहून कहर म्हणजे आपला उंच सेंटर, म्हणजे बास्केटखाली खेळणारा, सरावातल्या सवयीनं आखूडलाच अडवायला दोन्ही हात पसरून उभा राहिला होता. सगळं स्टेडियम खदखदून हसलं. कोचनी याला लगेच बाहेर बोलावलं. हा डोक्यावर टॉवेल घेऊन बसला. बाबा शेजारी हातातल्या तिकिटाची घडी घालत होते. ते काहीतरी बोलले असते तर बरं, असं मला वाटलं.

शेवटच्या डावात कप्तानाचा पाचवा फाउल झाला. पाच झाले की खेळाडू बाहेर, परत येता येत नाही. कोचनी बाकावर नजर टाकली. गार्ड एकच उरला होता. ते त्याला काय म्हणाले ते त्यानं मला नंतर सांगितलं: "चाल खेळू नकोस. त्या डावखुऱ्याला सोडू नकोस. बस."

आखूड त्याच्यासमोर गुडघे वाकवून उभा राहिला. फाउल होऊ नये म्हणून दोन्ही हात कानांपाशी धरलेले, आणि तोंड सुरू. डावखुरा पुढं काय करणार ते हा त्यालाच सांगत होता. आता थांबणार, आता खांदा पाडणार, आता डावीकडं. आणि सांगितलं की त्या जागी आधीच हजर. डावखुरा चिडला. चिडला तसा चुकला. आपण मागं होतो ते बरोबरीला आलो, मग एका बास्केटनं पुढं गेलो. अगदी शेवटी डावखुऱ्यानं बॉल घेतला, गिरकी मारली आणि बास्केटकडं मुसंडी मारली. तिथं हा पाय रोवून उभा. डावखुरा सगळ्या वजनानिशी याच्या छातीवर आदळला आणि दोघं लांबवर घसरत गेले. उभ्या माणसावर आदळला तर फाउल आदळणाऱ्याचा. शिटी वाजली, बॉल आपला झाला आणि सामनाही.

आखूडच्या नावावर एकही गुण नव्हता. मी मात्र ओरडून घसा बसवून घेतला होता, आणि पुढच्या रांगेतल्या अनोळखी बाईंना हा माझा भाऊ आहे हे पुन्हा पुन्हा सांगत होते. माझा ऊर भरून आला होता. तो अजून रिकामा झालेला नाही.

अंतिम सामना आम्ही सपाटून हरलो. हंगामानंतर क्लबानं एक उंच, तरुण गार्ड घेतला आणि आखूडला मोकळं केलं. कोचनी गोल गोल बोलणं टाळलं, उंची कमी पडते असं तोंडावर सांगितलं. यानंही मान्य केलं. सोमवारपासून बाबांबरोबर कामाला येतो म्हणाला. चेहरा ठीक होता, पण त्या जिन्यातल्या प्रश्नाचं उत्तर त्याला मिळालं नसावं, असं मला वाटत होतं. एका सामन्यानं काय होतं, तो म्हणायचा. त्यातसुद्धा मी डावखुऱ्याचाच खेळ ओळखला, माझा काय होता त्यात?

शेवटच्या सरावाला त्याचं सामान आणायला मी आणि बाबा त्यांच्या कामाची गाडी घेऊन गेलो. दारातच थबकलो. कोर्टवर बॉल आखूडच्या हातात होता आणि त्याच्यासमोर कप्तान, तो लांबलचक माणूस, गुडघे वाकवून निम्मा झाला होता. दोन्ही हात कानांपाशी. तोंड अखंड सुरू. "आता हा विचारात पडणार. आता उजवीकडं बघणार, पण जाणार डावीकडं." नवा गार्ड आणि तो सेंटर बाजूला उभे राहून नीट बघत होते. आखूडला हसू आवरेना, आणि बॉल निसटला.

"हे काय चाललंय?" त्यानं कोचना विचारलं.

कोच नेहमीसारखेच, न हसता म्हणाले, "सराव. उद्या तू दुसऱ्या क्लबात गेलास तर आमच्यासमोर उभा राहशील. तुझ्या खेळाची तयारी नको करायला?"

आखूड तिथंच उभा राहिला. मग त्यानं बाहीनं तोंड पुसलं, बराच वेळ पुसलं. बाबा माझ्या शेजारी दाराला टेकून कप्तानाकडं बघत होते. कप्तानानं पुन्हा गुडघे वाकवले, हात कानांपाशी नेले आणि पुटपुटायला सुरुवात केली.

"तो आणखी खाली वाकतो," बाबांनी दारातूनच त्याला सांगितलं.