पहिला सिलिंडर कुठला

ती मोटार मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा तिच्या सीटवर कोंबडी अंडी उबवत बसली होती. कर्जतजवळच्या दहिवलीतला गोठा, त्यात दोन बैल, एक म्हैस आणि त्यांच्या शेजारी ही विलायती मोटार. बॉनेट हे एवढं लांब, आणि बसायला जागा कशीबशी दोघांची. मालक मुंबईचे एक वकील. माथेरानला मोटार नेता येत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात ते ती ओळखीच्या शेतकऱ्याच्या गोठ्यात ठेवून पुढे रेल्वेने जात. लढाईत पेट्रोलला रेशन लागलं आणि गाडी तिथे राहिली ती राहिलीच. कौलांतून गळलेलं पाणी चार पावसाळे इंजिनात मुरलं होतं.

मी नुकताच फौजेतून सुटून आलो होतो. तिथल्या वर्कशॉपात ट्रकांची इंजिनं खोलून बसवण्यात माझी पाच वर्षं गेली होती, त्यामुळे मला न येणारं इंजिन जगात नाही असा माझा पक्का समज होता. पंचविशी आणि हातात पाना, गर्वाला आणखी काय लागतं. लढाई संपल्यावर वकीलसाहेब गाडीची दशा बघायला आले आणि कपाळाला हात लावून उभे राहिले. मी न विचारताच सांगून टाकलं, "तीन महिन्यांत पळवून दाखवतो." त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि म्हणाले, "पळवलीत, तर खालापूरकडे मोठ्या रस्त्यालगत माझी एक शेड रिकामी पडली आहे. तिथे तुमचं वर्कशॉप काढा."

मला दुसरं काही नकोच होतं. मुंबई-पुण्याच्या मोटारी दारावरून जाताहेत आणि दारात मी, एवढंच स्वप्न होतं.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे मुळीच पसंत नव्हतं. त्यांची उभी हयात कर्जतच्या बँकरवर गेली होती. बँकर म्हणजे घाट चढायच्या गाडीला कर्जतला मागून लागणारं इंजिन. ते गाडीला रेटत वर नेऊन सोडतं आणि परत येतं. नोकरीतून सुटताना आबांनी माझ्या नोकरीसाठी रेल्वेच्या फोरमनकडे शब्द टाकला होता आणि तो कबूलही झाला होता. "मोटारीचा काय भरवसा रं? आज हाय, उद्या नाय," ते म्हणत. "रेल्वे कुठं जाते?" शेवटी आई मध्ये पडली आणि तिनं एवढं ठरवून दिलं, की रेल्वेत हजर व्हायचा सोमवार येईल त्याच्या आदल्या दिवसापर्यंत इंजिन चालू झालं तर पुढचं बोलू, नाहीतर मुकाट्यानं नोकरी.

ते तीन महिने मी जेवलो कधी, झोपलो कधी, मला आठवत नाही. गंजून धरलेले पिस्टन रॉकेल पाजून पाजून आठव्या दिवशी सुटले, तेव्हा मी म्हशीसमोर नाचलो होतो. पिस्टनच्या रिंगा मुंबईच्या जुन्या बाजारातून शोधून आणल्या. इंजिनाच्या डोक्याखाली सांधा बंद करायला बसतं ते गॅस्केट कुठेच मिळेना, म्हणून कर्जतच्या तांबटाकडून तांब्याच्या पत्र्याचं कापून घेतलं. तो घागरी घडवणारा माणूस. "ह्यात पाणी किती मावंल?" असं त्यानं दोनदा विचारलं.

रविवार उजाडला. आबा सकाळीच गोठ्यात आले. "नुसतं बघाया आलो," म्हणाले. पण पाना समोर असताना नुसतं बघणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. मी इंजिन फिरवून पहिला सिलिंडर बरोबर जागेवर आणला, ठिणगी वाटणाऱ्या डब्यातलं फिरतं टोक त्याच्याशी जुळवलं आणि धुराचा पाइप आवळायला गाडीखाली गेलो. वरून आबांचा आवाज आला, "ह्या चार तारा लावू का रं प्लगांना?" मी खालूनच ओरडलो, "लावा. टोक आहे तिथून सुरुवात. एक, तीन, चार, दोन." इंजिनातले चार सिलिंडर याच क्रमानं पेटतात. त्यांनी लावल्या. मी पुन्हा तपासल्या नाहीत. बापाचं काम काय तपासायचं?

दहाच्या गाडीनं वकीलसाहेब आले. बघता बघता दहिवलीची निम्मी माणसं गोठ्यापुढे जमली. मी हँडल मारलं. पहिल्या वेळी काही नाही, दुसऱ्या वेळी काही नाही. तिसऱ्या वेळी धाडदिशी बार निघाला, कार्ब्युरेटरच्या तोंडातून हातभर जाळ आला, आणि बैल दावी तोडून शेतात पळाले. लोक हसले. मीही हसलो आणि पुन्हा हँडल धरलं.

तास गेला, दोन तास गेले. पेट्रोल येत होतं, ठिणगी पडत होती, आणि दर वेळी बार उलटाच. हँडलच्या उलट्या झटक्यानं माझं मनगट सुजलं. आत कुठेतरी मीच काहीतरी चुकीचं बसवलं असणार, म्हणजे पुन्हा सगळं खोलणं आलं, आणि हातात राहिला होता अर्धा दिवस. वकीलसाहेब घड्याळाकडे बघून म्हणाले, "राहू द्या आता. पुष्कळ केलंत तुम्ही." इतक्या सौम्यपणे म्हणाले की त्यापेक्षा शिवी परवडली असती. मी इंजिनाचं पुढचं झाकण उघडायला पाना लावला. खरं सांगतो, मला रडू येत होतं.

तेवढ्यात आबा पुढे आले. "पयला कंचा रं?"

मी चिडून रेडिएटरजवळच्या प्लगवर हात ठेवला. "हा. दुसरा कुठला असणार?"

आबांनी आपला हात ठेवला, तो अगदी मागच्या, ड्रायव्हरच्या पायांजवळच्या प्लगवर. इंजिन एकच, आणि त्याच्या दोन टोकांना आमचे दोन हात. बँकरवाल्यांची मोजणी मागून सुरू होते. त्यांच्या इंजिनाला टेकलेला डबा तो पहिला, बाकी जगाला तो शेवटचा का असेना. तीस वर्षं मागून मोजलेल्या माणसाला मी गाडीखालून ओरडून सांगितलं होतं, एक, तीन, चार, दोन.

माझ्या तोंडून काही निघण्याआधीच आबा जमलेल्या माणसांकडे वळले. "तारा मी लावल्या व्हत्या," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "चूक माजी हाय." गावासमोर मुलाची बाजू घेऊन स्वतःची चूक सांगणारा बाप मी तोवर पाहिला नव्हता.

चारही तारा उलट्या करायला दोन मिनिटं लागली. मी सुजल्या मनगटानं हँडल धरलं आणि अर्धा फेरा मारला, अर्धाच, आणि इंजिन लागलं. काय तो आवाज! मला आज सांगतानाही अंगावर काटा येतो. आधी खोकलं, मग घसा साफ केला, आणि मग असा काही एकसुरी खर्ज लावला की गोठ्याची कौलं थरथरली. निळा धूर, पोरांचा गलका, डोळे पुसणारे वकीलसाहेब, आणि मी बॉनेटवर दोन्ही तळवे टेकून उभा, ती थरथर खांद्यापर्यंत चढवून घेत.

"आधी तुम्ही दोघं जाऊन या," वकीलसाहेब म्हणाले.

पळसदरीच्या रस्त्याला लागलो. आबांनी एका हातानं टोपी धरली होती आणि दुसऱ्यानं दार. "हळू हान रं," असं चारदा म्हणाले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "अजून जोरात जाते का?" मी पाय दाबला आणि आम्ही दोघंही मोठमोठ्यानं हसत सुटलो, का ते दोघांनाही माहीत नव्हतं.

पण घरी आल्यावर नोकरीबद्दल ते अवाक्षर बोलले नाहीत. मी विचारायचं धाडस केलं नाही. दिलेला शब्द मोडणं आबांच्या लेखी पाप होतं, आणि शब्द तर फोरमनला आधीच गेलेला. सोमवारी मी निमूट आंघोळ करून तयार झालो. बघतो तर आबा माझ्याही आधी निघून गेले होते. तासाभरानं परतले, चहा घेतला आणि मला म्हणाले, "हितं काय करतोस? खालापूरला जा, शेड झाडाया घे."

ते फोरमनला काय म्हणाले, हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. फोरमनच एकदा माझ्या वर्कशॉपात आले होते, त्यांनी सांगितलं. आबा टोपी काढून त्यांच्यासमोर उभे राहिले होते, आणि एवढंच बोलले होते, "सायेब, शब्द परत द्या. पोराचं काम बघितलं. त्यात चूक निघाली, ती माजी निघाली."