मिसवाकची काडी

मेहमुदानं चहात आलं ठेचून टाकलं आणि दारावर थाप पडली. कामशेतच्या त्या गल्लीत सकाळची थाप म्हणजे दूधवाला. पण दारात पोलीस चौकीतली स्नेहल उभी होती.

"मावशी, खंडाळ्याच्या दरीत हाडं सापडलीत. कादरचाचांचीच असतील असं नाही. पण पडताळायला हवं."

मेहमुदाचा नवरा कादर खंडाळ्याला एका बंगल्यावर रखवालदार होता. गेल्या पावसाळ्यात कामावरून निघाला, तो घरी पोचलाच नाही. तेव्हापासून ती ना बायको ना बेवा. हातातल्या बांगड्या ठेवायच्या की उतरवायच्या, तेही कळेना.

मूलबाळ असतं तर त्याच्या डीएनएशी हाडं ताडणं सोपं होतं. पण कादरच्या रक्ताचं कुणीच उरलं नव्हतं. म्हणून त्यानं वापरलेली एखादी वस्तू हवी होती.

मेहमुदानं पेटीतून त्याची टोपी काढली. पांढरीशुभ्र, कडक.

"दर जुम्म्याला धुते की."

"तुमच्या टापटिपीनं घात केला, मावशी!"

"मंग मळकी ठिवू व्हय त्येंची?"

"दात कशानं घासायचे ते?"

"मिसवाकनं. म्हनायचे, ब्रश म्हंजे तोंडात झाडू!"

फळीवरच्या पेल्यात ती काडी अजून होती, टोक चावून चावून कुंचल्यासारखं झालेलं. मेहमुदानं ती उचलली आणि थेट नळाकडे वळली. नवऱ्याची उष्टी काडी परक्याच्या हाती तशीच कशी द्यायची?

"मावशी, पाणी नको!" स्नेहलनं तिचं मनगटच धरलं.

"उष्टीच पायजे?"

"उष्टीच. गालाच्या आतले कण अडकलेले असतात त्या धाग्यांत. डोळ्याला दिसायचे नाहीत. यंत्र त्यांच्या झेरॉक्ससारख्या नकला काढतं, मग हाडाशी ताडून बघतात."

मेहमुदानं काडी उजेडात धरून निरखली. "एवढ्याशात आख्खा मानूस मावतो?"

"ओळख पटवण्यापुरता मावतो."

मेहमुदानं पुढे केलेली प्लास्टिकची पिशवी स्नेहलनं नाकारली. आत दमट होऊन नासतं म्हणाली. हातमोजे घालून तिनं काडी कागदी पाकिटात सरकवली. मग मेहमुदाच्याच गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला.

"माजं कशापायी?"

"तुमचा हात लागलाय ना. तुमचं वेगळं काढायला."

"घ्या! जल्मभर संसार केला, आन् आता मलाच येगळं काढत्यात." दोघी हसल्या. चहा उतू गेला होता, तो मेहमुदानं उतरवला.

"त्या हाडांचं काय करत्यात गं?"

"थोडं दळून भुकटी करतात."

मेहमुदानं उरलेला चहा कपात गाळला.

"पोरी, त्येंचीच निघाली तर समदी दळू नका. दफनाला थोडी राहू द्या."