तोंडी परीक्षेत निखळलेलं जनेल

गोव्यात हरमलला आमच्या घरामागे तीन खोल्या आहेत. हंगामात त्या आम्ही पर्यटकांना देतो. मी कॉलेजात असताना त्यातल्या एका खोलीत इंडोनेशियाची एक बाई महिनाभर राहिली. एका सकाळी ती कप घेऊन आईकडे आली आणि हसत म्हणाली, "सूसू?" आईने आधी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि गंभीरपणे परसातल्या संडासाकडे बोट केलं. बाईला चहात घालायला दूध हवं होतं. त्यांच्या भाषेत दुधाला सूसू म्हणतात हे कळल्यावर मी दिवसभर हसत होते. हा शब्द लोक रोज सकाळी तोंड सरळ ठेवून उच्चारतात, ती भाषा आपल्याला यायलाच हवी, असं तेव्हा वाटलं. काही लोक याहून भक्कम कारणावरून आपला विषय निवडतात.

काही वर्षांनी मी तिकडच्याच एका विद्यापीठात घरबसल्या, ऑनलाइन, एम.ए. करत होते. सुरुवातीला ही भाषा फार गरीब वाटते. क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही, 'तो' आणि 'ती'ला एकच शब्द. वरच्या वर्गात गेल्यावर ती दात दाखवते. एकाच धातूला पुढून एक आणि मागून एक प्रत्यय लागतो आणि अर्थ भलतीकडे जातो. माझा प्रबंध कर्मणी प्रयोगावर होता. तिथली सभ्य माणसं कर्त्याला वाक्यातून हळूच बाहेर काढतात. 'दार लाव' न म्हणता 'दार लावलं जावं' असं काहीतरी म्हणतात. यावर मी दीडशे पानं लिहिली. बाबांना थोडक्यात समजावून सांगितलं, तर ते म्हणाले की यात लिहिण्यासारखं काय आहे, कुठल्याही कचेरीत हेच बोलतात.

बाबा सुतार आहेत. तोंडी परीक्षा नेमकी भर हंगामात आली. तेव्हा हरमलात नेटवर्क पर्यटकांच्या ताब्यात असतं, म्हणून मी डिचोलीजवळ सर्वणला मावशीकडे जाऊन परीक्षा द्यायची असं ठरलं. बाबांनी मला स्कूटरवरून नेलं. जातोच आहोत तर मावशीच्या खोलीचं जनेल दुरुस्त करू, म्हणून पायाशी हत्यारांची पिशवीही घेतली. गोव्यात खिडकीला आम्ही जनेलच म्हणतो. परीक्षा सुरू होण्याआधी ठोकाठोकी संपवायची आणि मग कोपऱ्यातल्या बाकड्यावर गप्प बसायचं, असं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांनी शब्द पाळला. निदान पहिली वीस मिनिटं.

पडद्यावर तीन परीक्षक होते. मधले प्राध्यापक वयस्कर, नक्षीदार सदरा घातलेले. डावीकडची बाई कडक दिसत होती आणि तिसरा माणूस लिहून घेत होता. मी बोलत होते, पण माझ्या मागून ऊन येत होतं आणि त्यांना माझा चेहरा काळा दिसत होता. शेवटी प्राध्यापकांनी अतिशय अदबीने विनंती केली, "मोहोन जंदेलान्या दितुतुप." कृपया खिडकी बंद केली जावी. कर्ता गायब, अगदी माझ्या प्रबंधातल्यासारखा. मी मनातल्या मनात त्या वाक्याचं कौतुक करत होते, तेवढ्यात बाबा उठले आणि त्यांनी जनेल ओढलं. अर्ध्या तासापूर्वी बसवलेलं जनेलाचं दार बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. ते तसंच धरून ते कॅमेऱ्यासमोरून आडवे गेले.

कडक बाईने विचारलं की हे कोण. मी म्हटलं, "बापाक साया," म्हणजे माझे वडील. त्यावर प्राध्यापकांनी 'बापाक, बापाक' म्हणत त्यांना नमस्कार केला. आमच्या बोलीत बापाक म्हणजे बापाला. बाबा दार भिंतीला टेकवून माझ्या खांद्यावरून वाकले आणि हळू आवाजात विचारू लागले, "बापाक कित्याक बोलयता हो?" हा आपल्या बापाला कशाला बोलावतोय, असं त्यांना वाटलं.

बाबांना इंडोनेशियन कशी कळली, हे प्राध्यापकांना जाणून घ्यायचं होतं. बाबांनी सरळ सांगितलं, "तो जनेल म्हणालो, माका वाटला लाव म्हणता." मी भाषांतर केलं. पोर्तुगीज आमच्याकडेही आले होते आणि त्यांच्याकडेही, आणि जाताना दोन्हीकडे घरातल्या वस्तूंची नावं ठेवून गेले, हे प्राध्यापकांना चांगलं ठाऊक होतं. पण समोर जिवंत नमुना मिळाल्यावर ते हरखून गेले. माझा प्रबंध बाजूला राहिला. ते म्हणाले, "मेजा." बाबांनी टेबलावर थाप मारली. ते म्हणाले, "लमारी." बाबांनी मावशीचं कपाट दाखवलं आणि लाकूड हलकं असल्याचंही सांगितलं. मग ते म्हणाले, "सपातू." सपात म्हणजे आमच्याकडे पायताण. मी अडवेपर्यंत बाबांनी पायातली चप्पल काढून तिन्ही परीक्षकांना जवळून दाखवली होती.

मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा लिहून घेणारा माणूस टेबलाखाली गेला होता आणि प्राध्यापक चष्मा पुसत होते. कडक बाई मात्र हसली नाही. जनेलाचं नेमकं काय झालं हे वडिलांना त्यांच्या भाषेत सांगू दे, असं ती म्हणाली.

"निखळला ता," बाबा म्हणाले.

कोणी बसवलं, कोणी ओढलं, यातलं काही नाही. ते निखळलं. मी भाषांतर केल्यावर बाई पहिल्यांदाच पुढे झुकली. तुझ्या दीडशे पानांत इतकं स्वच्छ उदाहरण एकही नाही, असं म्हणून तिने ते प्रबंधात घालायला सांगितलं.

तीन आठवड्यांनी निकाल आला. मी पास झाले होते, दुरुस्त्यांसह. दुरुस्त्या बहुतेक प्रत्ययांच्या होत्या. शिवाय तळटीप हवी होती: उदाहरण कोणाकडून मिळालं, वय काय, व्यवसाय काय. मी ती लिहून बाबांना मराठीत वाचून दाखवली. वयाला त्यांची हरकत नव्हती. 'सेवानिवृत्त सुतार' ऐकल्यावर मात्र त्यांनी वही मागितली आणि निवृत्त कोणी केलं ते विचारलं. मी 'सेवानिवृत्त' हा शब्द खोडला आणि प्रबंध पुन्हा पाठवला.