तलावाचा हीटर

"मावशे, हीटर बिघडलाय म्हटलं ना! गार पाण्यात उतरलीस तर गुडघे आखडतील."

"म्हणूनच जावयाला आणलंय. फिटर आहे, फुकटात करून देईल."

नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावरचा रखवालदार चपापला. खर्च झेपेना म्हणून साहेबांनी हीटर बंद करायला लावला होता; बिघाडाची थाप मात्र याची स्वतःची. जावयाने खटका दाबला, तसा हीटर घुरघुरायला लागला.

"बघ, नुसता हात लावला नि झाला!" मावशीने जावयाची पाठ थोपटली.

रखवालदाराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बिघडलाच नव्हता गं. पालिकेकडं पैसे नाहीत, हे तुम्हा बायांना सांगायला जीभ रेटेना."

त्याने खटका बंद केला आणि जाळी घेऊन पाण्यातला पाला काढू लागला.