आतली कड

उचगाव नाक्यावर आज कुणालाबी इचारा, जोतीराम मिस्त्री कोण म्हणून. सांगत्यात, ट्रकवाल्या हंबीररावाच्या पोराचा पाय घालवला त्यो. ह्या लोकांच्या जिभंला हाडच न्हाय. पंधरा वर्सं त्या माणसानं दोरी लावून गाड्यांची चाकं सरळ केली, त्ये कुणाच्या ध्यानात न्हाय. आन् पाय त्येनं घालवलाच न्हाय. मी घालवला. मी केरबा, शेजारचा वेल्डर.

जोतीराम म्हंजे माझं दाजी. माझी थोरली बहीण शालू त्येंना दिलेली. आमचं आईबा लवकर गेलं, तवा शालूला माहेर म्हणाय मी एकटाच. दाजींचं अलाइनमेंटचं गॅरेज आन् माझं वेल्डिंगचं दुकान, मधी निस्ता एक पत्रा. त्येंनी हाक मारली की माझ्या दुकानात ऐकू यायची, "पावणं, च्या आलाय."

दाजींचं काम बघायसारखं हुतं. गाडी खड्ड्यावर घ्यायची, दोन्ही बाजूनं मागच्या चाकापासनं पुढच्या चाकापर्यंत दोरी ताणायची, स्टीलच्या पट्टीनं अंतर मोजायचं, आन् मग खड्ड्यात उतरून चाक वळवणारा दांडा, टायरॉड, पाव फेरा फिरवायचा. परत मोजायचं. सूतभर फरक राहिला तरी गाडी सोडायचं न्हाईत, गिऱ्हाईक कितीबी बोंबलू दे. शेवटी नट आवळला की त्येच्यावर पांढऱ्या ऑइलपेंटचा एक ठिपका. त्यो ठिपका म्हंजे दाजींची सही. हंबीररावाच्या चौदा ट्रका आन् शिटा भरून कागलला जाणाऱ्या सगळ्या वडापच्या जिपा त्या ठिपक्यावर पळायच्या.

गाडी आली की दाजी आधी टायरच्या मागनं हात घालायचं आन् आतली कड चाचपायचं. म्हणायचं, टायर आन् माणूस बाहेरनं बघायचं नसतंय. मी हसायचो.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. कोल्हापूरला नादाची काय कमी? कुणाला कुस्तीचा, कुणाला म्हशी पळवायचा. हंबीररावाच्या अमरसिंहाला गाडी खाली बसवायचा नाद लागला. पुण्यात कुठंतरी बघून आलता. बानं नवी झेन मोटार घेऊन दिलेली, ती ह्येला बैलगाडीसारखी उंच वाटायला लागली. दाजींनी त्येला सरळ सांगितलं, कंपनीवाली काय खुळी न्हाईत, हाय ती उंची राहू दे. मग त्यो पत्र्याच्या ह्या बाजूला आला.

मी कापली. गॅस कटर लावून चारी स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा उडवला. गॅसची आच लागली की पोलादाचं पाणी उतरतंय, त्ये मला शिकवायला नको हुतं. पण अमरसिंहाचं चार दोस्त गाड्या घेऊन रांगंत हुतं, आन् केरबाचं नाव हुणार हुतं. तिच्यायला त्या नावाच्या.

गाडी खाली आली खरी, पण पुढची चाकं वरनं आत झुकली आन् म्होरनं फाकली. स्टेअरिंग एका अंगाला वढायला लागलं. अशी गाडी कशी देणार? दाजींना म्हणलं, तेवढी सरळ करा. ते न्हाय म्हणालं. मग मी शालूकडं गेलतो. तिला काय गाडीतलं कळतंय? तिनं जेवायला वाढताना शब्द टाकला, माझ्या भावाचं एवढं काम करा. दुसऱ्या दिशी दाजींनी गाडी खड्ड्यावर घेतली.

झुकलेलं चाक त्या गाडीत सरळ करायची सोयच न्हवती, निस्तं फाकलेलं आवळून घेता येत हुतं. तेवढं त्येंनी केलं. निम्मा दिवस घालवला. ठिपका लावून वर आलं आन् मला म्हणालं, "पावणं, ह्ये सेटिंग आठ दिसाचं. गाडी पळंल तशी ह्या स्प्रिंगा आनखी दबणार, चाकं परत फाकणार, आन् टायर आतनं खाणार. आठ दिसानं परत आणायलाच लावा. तेवढं सांगा त्येला."

त्येंना स्वतःला सांगायचं हुतं. पण गारगोटीसनं सांगावा आलता, आई अत्यवस्थ हाय म्हणून, आन् साडेचारची एसटी गाठायची हुती. गाडीची किल्ली माझ्या हातात देऊन ते गेलं.

अमरसिंह आला. गाडीभवती दोन चकरा मारल्या, मला मिठीच मारली. म्हणाला, भावा, लई भारी. माझ्या व्हटावर आलतं, आठ दिसानं परत आण. पण परत आण म्हणलं की काम अर्धवट वाटणार, दोस्त बिचकणार. मी म्हणलं, पळवा बिनघोर.

आई त्याच रात्री गेली. तिचं दिवस घालून दाजी तेराव्या दिशी परत आलं. आल्या आल्या पैला प्रश्न त्योच, सांगितलं न्हवं त्येला? मी व्हय म्हणलं. चार दिसानं परत इचारलं, गाडी आली न्हाय ती. मी म्हणलं, मोठ्याची पोरं, आमचं कुठं ऐकत्यात? असं म्हणताना मला काय वाटलं न्हाय, ह्ये लिहून घ्या.

दोन म्हैन्यांनी कागलच्या रस्त्याला टायर फुटलं. गाडी उसात पालथी. अमरसिंहाचा उजवा पाय मांडीत मोडला, त्यो परत सरळ झाला न्हाय. अजून लंगडतोय.

हंबीरराव दुसऱ्या दिशी गाडी टोचन करून गॅरेजच्या दारात घेऊन आला. फुटलेलं टायर कवाच फाटून गेलतं, त्येनं दुसऱ्या बाजूचं काढून रस्त्यावर आपटलं. सगळा नाका गोळा झाला. टायर बाहेरनं कोरं करकरीत, नक्षी सुद्धा गेलेली न्हाय. पलटी केलं तर आतली कड गुळगुळीत आन् तारा बाहेर आलेल्या. वर टायरॉडच्या नटावर पांढरा ठिपका तसाच.

हंबीररावानं आवाज चढवला न्हाय. एवढंच इचारलं, "अशी गाडी परत आणायची असती म्हणत्यात, ह्ये माझ्या पोराला कुणी सांगितलं हुतं?"

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मी खाली वाकून पाना हुडकायला लागलो. पाना माझ्या हातातच हुता.

"माझं चुकलं," दाजी म्हणालं.

झालं. त्या दिवसापास्नं चौदा ट्रका बंद, वडापवाली बंद. माझ्याकडं कोण बोट दाखवणार? स्प्रिंग कापल्याचं कुणाच्या डोळ्यात भरलं न्हाय, ठिपका मात्र सगळ्यांनी बघितला. दाजी अडीच वर्सं रिकाम्या खड्ड्याच्या कडंला बसून राहिलं. मग हायवेला कॉम्प्युटरवर चाकं सरळ करणारं दुकान निघालं, आन् उरलंसुरलं गिऱ्हाईक बी तिकडं वळलं. दाजी एका फौंड्रीच्या गेटवर वॉचमन म्हणून लागलं. गॅरेजची जागा कुणी घेतली? मीच की. मधला पत्रा काढला आन् दुकान मोठं केलं.

जागा रिकामी केली त्या दिशी त्येंनी दोरीचं बंडल माझ्या हातात ठेवलं. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणलं, दाजी, लोकं लई वाईट. ते म्हणालं, "केरबा, तू सांगितलं न्हवतंस, त्ये मला तिथंच कळलं. पण बोललो असतो तर शालूचं माहेर तुटलं असतं. तिला दुसरं कोण हाय?"

पावणं म्हणालं न्हाईत. पुन्हा कवाच म्हणालं न्हाईत.

शालू दर भाऊबीजेला येती. दाजी ड्यूटी हाय म्हणून येत न्हाईत. माझ्या बायकोला ती दर वर्सी तेच सांगती, आमच्यावर येळ आली तवा सगळी पांगली, माझा भाऊ तेवढा पाठीशी उभा राहिला, जागा बी परक्याला जाऊ दिली न्हाय. मग मला पाटावर बसवती, ताट घेऊन म्होरं येती. मी मान खाली घालतो. तिला वाटतंय, टिळा लावायला सोपं जावं म्हणून.