न रडणारं बाळ

माझा मुलगा जन्मल्यावर पहिल्या आठवड्यात घरी येणारी प्रत्येक बाई एकच वाक्य बोलून जायची. "किती शाणं बाळ हाय गं! आवाज म्हणून न्हाय." आई कौतुकानं हसायची, मीही हसायचे. पहिलटकरीण होते मी. बाळ रडत नाही म्हणजे त्याचं पोट भरलंय, एवढंच मला कळत होतं.

ही एकोणीसशे सत्तरच्या दशकातली गोष्ट. दिवाळी सरून थंडी पडू लागली होती. सासर इचलकरंजीला, पण पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून मी कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी आले होते. वडील शाळेत शिक्षक. आई कोडोलीची, शहरात इतकी वर्षं काढूनही तिची बोली जराही बदलली नव्हती.

प्रसूतिगृहातून घरी आले ती थेट बाळंतिणीच्या खोलीत. खोली घराच्या मधोमध, एकच खिडकी, आणि वारं लागू नये म्हणून आईनं तिच्यावर घोंगडी ठोकलेली. दिवसाही बारका पिवळा बल्ब लावलेला असे. बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा नि बाळंतशेपांची धुरी. माझ्या डोक्याला फडकं, कानांत कापूस. त्या धुरात आणि त्या उजेडात भिंतीपासून माझ्या हातांपर्यंत सगळंच पिवळट दिसायचं.

सुरुवातीला आईनं बाळाला अंगावर घेऊच दिलं नव्हतं. "चिकाचं दूध जड असतंय, पोटात दुखंल त्येच्या," म्हणून तिनं तो चीक पिळून टाकायला लावला आणि बाळाला मधाचं बोट, गुळाचं पाणी चाटवलं. तेव्हा घरोघर असंच करत. मग दूध उतरलं ते असं, की छाती दगडासारखी झाली, चोळी सतत ओली. बाळ मात्र दोन-चार घोट घ्यायचं आणि त्याचं तोंड सैल पडायचं. दूध ओठाच्या कडेनं ओघळून मानेच्या वळीत साचायचं. मी त्याच्या गालाला बोट लावी, कानाची पाळी चोळी, तळव्यांना गुदगुल्या करी. ते डोळे न उघडताच कपाळाला आठी घाली आणि परत झोपी जाई.

पाचवी पुजली. बाळ झोपेत ओठ मुडपून हसलं तर अंघोळ घालायला येणारी बाई म्हणाली, "सटवाई हसवाय लागली बघा." हळद आणि साय लावून ती त्याला पायांवर चोळून काढायची. दुसऱ्यांची पोरं अंघोळीला घर डोक्यावर घेतात. आमचं पायांवरच झोपून जाई. "गुणाचं ल्येकरू," ती म्हणायची.

त्यानंतर केव्हातरी मला जाणवलं, की आईनं बाळाचं कौतुक करणं थांबवलंय. कुणी आलं की ती बाळाच्या तोंडावर दुपटं ओढून घेई आणि दुसराच विषय काढी. एकदा मला डुलकी लागली होती. डोळे उघडले तर आई बाळावर वाकली होती आणि तिनं तळहात त्याच्या नाकाशी धरला होता.

"काय बघतीस गं?" मी विचारलं.

"काय न्हाय. माशी बसलीती."

त्या धुरात माशी टिकत नव्हती. त्या दिवसापासून मीही त्याच्या छातीकडे बघत पडून राहू लागले. ती वर जायची, थांबायची, आणि खाली येईपर्यंत माझा जीव टांगलेला राहायचा. लंगोट बदलायला घेतला की तो कोरडा निघायचा. ओला असलाच तर त्यावर गडद डाग असायचा. टाळूवर हात ठेवला की बोट किंचित खाली जातंय असं वाटायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "कोवळी टाळू अशीच असती," पण बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

एका सकाळी बाळानं तोंडच उघडलं नाही. मी स्तन ओठांना लावला, दुधाचा थेंब जिभेवर पाडला. थेंब तसाच जिभेवर राहिला. माझ्या अंगात ताप भरला होता, छातीला हात लावू देववत नव्हता. वडील शाळेत गेले होते. आई अंबाबाईची ओटी भरायला गेली होती. मधेच, वार नसताना. ती का गेली हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मला फक्त त्या खोलीत एक क्षणही थांबावंसं वाटेना. बाळंतिणीनं उंबरा ओलांडायचा नसतो हे माहीत असूनही मी बाळाला उचललं आणि मागच्या अंगणात आले.

इतक्या दिवसांनी उजेड पाहिला तर डोळे दिपले. हवेत कुठल्यातरी गुऱ्हाळाचा गोड वास होता. धुण्याच्या दगडावर बसून मी बाळाचं टोपडं काढलं, झबलं काढलं.

बाळ पिवळं होतं. कपाळ, गाल, छाती, पोट. मला वाटलं, अंघोळीची हळद राहिली असेल. पदराचं टोक पाण्यात बुडवून मी त्याची छाती पुसली. पदराला पिवळं लागलंच नाही. जोर करून पुसलं, कातडी लाल झाली आणि बोट उचलताच परत पिवळी. मग मी अंगठ्यानं त्याची पापणी वर केली. बुबुळाभोवतीचं पांढरं उरलंच नव्हतं. एवढ्या उन्हात पापणी उघडली तरी ते किंचाळलं नाही.

आई आली तेव्हा मी तशीच बसले होते. मला वाटलं, बाहेर आल्याबद्दल ती ओरडेल. ती दारात उभी राहून बाळाकडे बघत राहिली. हातातलं प्रसादाचं ताट तिनं जमिनीवर ठेवलं.

"ह्येला बी," ती म्हणाली. मग एकदम, "ऊठ. अंगावर शाल घे. दवाखान्यात जायाचं."

रिक्षात मी तिला विचारलं, "ह्याला बी म्हणजे? आणि कुणाला?"

ती समोर रस्त्याकडे बघत बोलली. "तुज्या आदी एक हुती. पोरगी. रडायचीच न्हाय. समदी म्हनायची, काय शाणी पोर हाय. मला बी लई ब्येस वाटायचं. बारशाचा पाळणा बांधून ठेवलावता."

माझ्या आधी आमच्या घरात कुणी जन्मलं होतं, हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडं करून खिडकीशी नेलं. तळपायांवर टिचक्या मारल्या. चार-पाच टिचक्यांनंतर ते मांजराच्या पिल्लासारखं कण्हलं. "कावीळ आहे. पोटरीपर्यंत उतरलीय," त्या म्हणाल्या. "पुष्कळ बाळांना होते आणि जाते. पण हे दूध पीत नाहीये, ते वाईट. झोपलेलं असलं तरी पाजायचं. ओढत नसेल तर पिळून पाजा. सकाळच्या उन्हात ठेवा. तळपाय पिवळे झाले, किंवा अंग धनुष्यासारखं ताठ केलं, तर माझ्याकडे यायला थांबू नका, तडक मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात न्या. तिथं रक्त बदलावं लागेल." जरा थांबून त्यांनी विचारलं, "बाळ अंधारात ठेवलं होतं का?"

आईनं मान खाली घातली. ते मला बघवलं नाही.

घरी आल्यावर तिनं पहिली ती घोंगडी ओढून काढली. खिळे भिंतीतच राहिले. मग ती माझ्यामागे बसली, गरम पाण्याच्या फडक्यानं माझी छाती शेकत राहिली, आणि मी ओठ दाताखाली दाबून वाटीत दूध पिळलं. ते तिनं बोंडल्यात घेतलं, चांदीच्या चोचीच्या त्या छोट्या भांड्यात. थेंब थेंब सोडायचा, गळा चोळायचा, घोट गिळल्याचा आवाज येईपर्यंत वाट बघायची. वडील एरवी बाळंतिणीच्या खोलीकडे फिरकत नसत. त्यांनी शाळेत रजा टाकली आणि सकाळी उन्हात बाळाला मांडीवर घेऊन बसू लागले. तिघंही दिवसभर त्याचे तळपाय बघायचो. बघून बघून नजर फसायची. मला पिवळे वाटायचे, वडिलांना गुलाबी.

बारावा दिवस आला. आईनं बारसं करू दिलं नाही. "ह्यो दिस जाऊ दे," एवढंच म्हणाली. त्या दिवशी दुपारी तिनंच बाळाचा पाय हातात घेतला आणि म्हणाली, "उतरलं. तळव्यात उतरलं." या वेळी वडिलांनाही तळवे पिवळेच दिसले. ते मिरजेसाठी गाडी बघायला बाहेर पडले. आईनं दुपटी पिशवीत भरायला घेतली. मी बाळाला गरम कपडे घालताना झबल्याची बाही त्याच्या हातात अडकली, मी घाईनं ओढली, आणि ते रडलं.

घोगरं, चिरकं, लांबलचक रडणं. चेहरा लालबुंद झाला, पाय झाडले. आई पिशवी तशीच टाकून धावली. "घे, घे त्येला, आत्ताच घे!" मी छातीशी धरलं तर त्यानं असं तोंड मारलं, की माझ्या तोंडून किंकाळी फुटली. घोट घोट आवाज करत ते पीत राहिलं. आई भिंतीला टेकून खाली बसली आणि तोंडावर पदर धरून रडू लागली.

वडील गाडी घेऊन आले तेव्हाही ते पीतच होतं. त्या गाडीनं आम्ही आधी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी तळवे दाबून पाहिले, रडू ऐकलं, म्हणाल्या, "मिरज नको. असंच पाजत राहा." पिवळेपणा हळूहळू पायांकडून वर ओसरत गेला, डोळ्यांतला सगळ्यांत शेवटी. मात्र निघताना त्या म्हणाल्या होत्या, "एखाद्या मुलाच्या कानांवर परिणाम होतो. लक्ष ठेवा."

हे वाक्य आई कधी विसरली नाही. बाळ चार महिन्यांचं झाल्यावर ती त्याच्या मागे उभी राहून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवायची. ते मान वळवून तिच्याकडे बघायचं आणि खदखदून हसायचं. मी म्हणायचे, "आई, ऐकतोय की गं तो." ती मान डोलवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातून येताना तिच्या हातात परत ताटली असायची.